चौथ्या वर्षी दिवाळं निघालं, ते बरंच झालं

'अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि तीन महिन्यांपूर्वी अधिष्ठाता झाले. कुलगुरूंनी पहिलंच काम दिलं, नव्या अकरा विभागप्रमुखांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची. एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं की भाषणं नकोत, विद्यापीठ चालवण्याचा सिम्युलेशन गेम, म्हणजे संगणकावरचं लुटुपुटीचं विद्यापीठ, खेळायला देऊ. मला कल्पना आवडली. पण बैठकीत एक ज्येष्ठ सर म्हणाले, "म्हणजे आता पत्ते कुटायचे का?" सगळे हसले, मीही हसले. त्या रात्री घरी एकटीने असा एक गेम खेळून पाहिला. चौथ्या वर्षी विद्यापीठाचं दिवाळं निघालं आणि मला खेळातल्या अध्यक्षपदावरून काढून टाकलं. तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात घोळताहेत. असल्या खेळातून खरंच काही शिकता येतं का? आणि मी या खुर्चीला लायक आहे का?'
एक नवी अधिष्ठाता

मॅडम, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप उडवणारा तोच आहे. पहिल्या डावात बहुतेक सगळे बुडतात. तुम्ही कशा बुडालात ते पत्रात लिहिलेलं नाही, पण अंदाज करू का? पहिल्याच वर्षी प्राध्यापकांचे पगार वाढवले, रिकाम्या जागा भरल्या, ग्रंथालयाला पैसे दिले आणि विद्यार्थ्यांचा त्रास नको म्हणून फी जागच्या जागी ठेवली. वर्गातून आलेली चांगली माणसं हमखास अशीच हरतात. इतकी वर्षं जे जे अडलेलं पाहिलं, ते सगळं हातात सत्ता आल्याच्या पहिल्या दिवशी सोडवायला जातात.

मी उलट्या बाजूने हरले होते. प्रशासनात मुरलेली असल्याने मी पहिल्याच वर्षी भरती गोठवली. पडद्यावर शिल्लक वाढत गेली तशी माझी छातीही फुगत गेली. पाच वर्षं मी त्या आकड्याकडे कौतुकाने पाहत होते. मग संशोधनाचा निधी आटला, वर्ग फुगले, चांगले विद्यार्थी दुसरीकडे गेले, आणि साठवलेले सगळे पैसे ओतूनही गाडी रुळावर येईना. खरी गंमत म्हणजे प्रत्यक्ष नोकरीत मी हेच केलं होतं, आणि तेव्हा माझं कौतुक झालं होतं. कारण परिणाम दिसायच्या आत माझी बदली झाली होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. विद्यापीठात निर्णय घेणारा माणूस आणि त्याचा परिणाम भोगणारा माणूस सहसा एक नसतो. पदाची मुदत तीन-पाच वर्षांची आणि निर्णयाचं आयुष्य तीस वर्षांचं. खेळ ती तीस वर्षं एका संध्याकाळीत गुंडाळून तुमच्यासमोर ठेवतो, आणि खुर्चीवर शेवटपर्यंत तुम्हालाच बसवतो. त्या ज्येष्ठ सरांना सांगा की पत्त्यांत निदान डाव संपला की पानं पुन्हा पिसता येतात.

तुम्ही कोणता गेम खेळलात ते कळवलेलं नाही. वर्णनावरून तो या जातीचा मूळपुरुष असावा किंवा त्याच्या घराण्यातला. मूळपुरुष म्हणजे 'व्हर्च्युअल यू'. त्याचे जनक विल्यम मॅसी हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक. तिथल्या वित्तव्यवहाराची जबाबदारीही त्यांनी उपाध्यक्ष म्हणून सांभाळली. 1981 साली त्यांनी डेव्हिड हॉपकिन्स यांच्याबरोबर विद्यापीठांच्या नियोजनाच्या गणिती प्रारूपांवर, म्हणजे मॉडेलांवर, पुस्तक लिहिलं होतं. समीकरणांनी भरलेलं असलं पुस्तक किती विभागप्रमुख वाचणार? तोच विचार पुढे खेळाच्या रूपात आला. अमेरिकेतल्या आल्फ्रेड पी. स्लोन फाउंडेशनने पैसा दिला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या उच्च शिक्षण संशोधन संस्थेने सुमारे 1,200 अमेरिकी संस्थांची माहिती पुरवली, आणि प्रोग्रॅम लिहिला हाँगकाँगच्या एनलाइट सॉफ्टवेअरने, म्हणजे धंद्याचे आणि साम्राज्यांचे गेम करणाऱ्या कंपनीने. 2000 साली तो बाहेर पडला आणि पुढे मोफत उपलब्ध झाला. खेळणारा विद्यापीठाचा अध्यक्ष. अर्थसंकल्प, पगार, भरती, प्रवेश, फी, विद्यार्थी मदत, सगळं त्याच्या हाती. 'सीरियस गेम्स', म्हणजे शिकण्या-शिकवण्यासाठी केलेले खेळ, हा शब्द आज सर्रास ऐकू येतो, पण 2002 साली वॉशिंग्टनच्या वुड्रो विल्सन सेंटरमध्ये या नावाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याचे एक संस्थापक बेन सॉयर याच खेळाच्या कामातून पुढे आले होते. म्हणजे हसणाऱ्यांनी जरा बेताने हसावं. ज्याला आज गंभीर खेळ म्हणतात, त्याचं एक मूळ विद्यापीठाच्या कारभारातच आहे.

आता खेळातून नेमकं काय शिकायचं ते बघू. विद्यापीठ म्हणजे भरलेला हौद, असं समजा. वरून नळ, खालून मोरी. आपण बैठकीत नेहमी नळाबद्दल बोलतो, यंदा किती प्रवेश झाले, किती नेमणुका झाल्या. हौदाचं पाणी मात्र हळूहळू बदलतं, आणि आपल्याला तेच कळत नाही.

चार वर्षांचा अभ्यासक्रम घ्या, दर वर्षी 1,000 प्रवेश. गळती सोडून दिली तर एकूण विद्यार्थी 4,000. समजा एका वर्षी प्रवेश 900 झाले. ओरड होते ती दहा टक्क्यांची. पण एकूण संख्या 3,900, म्हणजे घट अडीच टक्क्यांची. म्हणून वित्त अधिकारी म्हणतात, निभेल. निभतंही. फक्त ती 100 जणांची पोकळी पुढची चार वर्षं अजगराने गिळलेल्या सशासारखी संस्थेच्या पोटातून सरकत राहते, आज पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत, दोन वर्षांनी तिसऱ्या वर्षाच्या वैकल्पिक विषयात, जिथे आधीच आठ विद्यार्थी होते. आणि घट एका वर्षापुरती नसेल तर? 3,900, मग 3,800, मग 3,700, मग 3,600. पूर्ण दहा टक्के चौथ्या वर्षी अंगावर येतात. तुमचं दिवाळं चौथ्याच वर्षी निघालं, हा योगायोग असेलच असं नाही. तुमची खेळी जपून ठेवलेली असेल तर पहिल्या वर्षाचे प्रवेश एकदा उघडून बघा.

प्राध्यापकांचा हौद त्याहून संथ. 300 पदं, प्रत्येकाची सेवा सरासरी तीस वर्षं आणि वयं सारखी पसरलेली, तर दर वर्षी दहा जण निवृत्त होणार आणि दहा नवे येणार. तीन वर्षं भरती थांबवली की 270 उरले. वर्ग चालतात, कोणी ओरडत नाही, कागदावर बचत छान दिसते. चौथ्या वर्षी पैसे आले म्हणून अनुशेषाचे तीस आणि त्या वर्षाचे दहा असे चाळीस जण एकदम घेतले. सगळे एकाच वयाचे, एकाच विचारांचे, बढतीच्या रांगेत एकदम उभे राहणारे आणि तीस वर्षांनी एकदम घरी जाणारे. मी हे व्याख्यानात कैक वेळा सांगितलंय. माना डोलतात. पण ज्याने खेळात हे स्वतःच्या हाताने केलंय आणि एकविसाव्या वर्षीही त्या चाळीस जणांचा फुगवटा आलेखात पाहिलाय, तो पुढच्या भरतीच्या बैठकीत वेगळं बोलतो. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून एवढं रेटून सांगते.

तिसरी गोष्ट वाढीच्या दराची. ती नव्या अधिष्ठात्यांना सगळ्यात उशिरा उमगते. मॅसी आणि हॉपकिन्स यांचा भर नेमका इथे होता. यंदाचा अर्थसंकल्प जुळला म्हणजे जमलं, असं नाही. उत्पन्न आणि खर्च ज्या वेगाने वाढतात ते वेगही जुळायला हवेत. दोन्ही आज 100 आहेत, म्हणजे शिल्लक-तूट काही नाही. उत्पन्न वर्षाला 5 टक्क्यांनी वाढतं, खर्च 7 टक्क्यांनी. पुढच्या वर्षी तूट 2, कुठूनही भरून निघते. पाचव्या वर्षी जवळजवळ 13. दहाव्या वर्षी उत्पन्न 163, खर्च 197. दरम्यान कोणीही एकही मोठी चूक केलेली नाही. दर वर्षी प्रत्येकाने आपापली छोटी फट बुजवली, एवढंच. खर्च जास्त वेगाने का वाढतो याचं एक उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 साली संगीत-नाटकाचा अभ्यास करताना दिलं. चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसं लागत होती, आजही चारच लागतात. कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढतं, तसे सगळीकडचे पगार वाढतात. वादकाचा पगारही त्यांच्याबरोबर वाढवावा लागतो, रचना मात्र तेवढीच राहते. शिकवणं याच पंगतीतलं. बोवेन पुढे 1972 साली प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. स्वतःचाच सिद्धांत रोज टेबलावर येऊन पडताना कसा वाटला असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

इथपर्यंत खेळाची वकिली केली. आता उलटतपासणी, आणि माझ्या मते तुमच्या कार्यशाळेचा जीव इथेच आहे.

कोणताही असा खेळ म्हणजे कुणाचं तरी मत असतं. ते आकड्यांचे कपडे घालून आलेलं असतं, म्हणून आपल्याला सत्य वाटतं. 1969 साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले प्राध्यापक जे (Jay) फॉरेस्टर यांनी शहरांच्या वाढ-घटीचं संगणकी प्रारूप मांडलं. वीस वर्षांनी विल राइट यांनी 1989 मध्ये शहर वसवण्याचा 'सिमसिटी' हा संगणकावरचा खेळ आणला, त्यामागची एक प्रेरणा फॉरेस्टर यांचं ते काम होतं. लाखो मुलांनी तो खेळून 'शहर असं चालतं' असा समज करून घेतला. कर वाढवला की लोक किती पटकन निघून जातात, हे कोणीतरी खोलीत बसून ठरवलं होतं, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? विद्यापीठाच्या खेळातही तेच. वर्गातली संख्या वाढली की शिकवण्याचा दर्जा इतका घसरतो, पगार इतका वाढवला की इतके लोक टिकतात, प्रतिष्ठा इतकी चढली की इतके अर्ज येतात, असे शेकडो 'इतके' आत दडलेले असतात. 'व्हर्च्युअल यू'मध्ये ते अमेरिकी संस्थांच्या माहितीवर बेतलेले आहेत. तिथल्या विश्वस्तांची, देणगीनिधीची, फुटबॉल संघाची विद्यापीठं वेगळी. ज्या संस्थेत फी सरकार ठरवतं किंवा जिथे पद भरायला वरची परवानगी लागते, तिथे त्यातले निम्मे खटके बंदच समजायचे.

म्हणून जिंकण्यासाठी खेळायला लावू नका. खेळाशी भांडायला लावा. विभागप्रमुखाने खेळी केली, पडद्यावर काहीतरी घडलं, आणि तो म्हणाला, 'छे, आमच्याकडे असं होणारच नाही', की तिथे थांबायचं. का होणार नाही? तुमच्याकडे काय होईल? कशावरून? याच क्षणी त्याच्या डोक्यातलं विद्यापीठ पहिल्यांदा बाहेर येतं, आणि शेजारच्या विभागप्रमुखाच्या डोक्यात भलतंच विद्यापीठ आहे हेही कळतं. इतिहासवाल्यांना वाटतं, विद्यार्थी विषयाच्या प्रेमाने येतात. संगणकवाल्यांना वाटतं, नोकरीसाठी येतात. दोघे वीस वर्षं एकाच विद्या परिषदेत बसलेत आणि दोघांनीही ही गोष्ट कधी एकमेकांना बोलून दाखवलेली नाही. खेळ चुकीचा असला तरी चालतो, फक्त चूक कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे. किंबहुना थोडा चुकीचा खेळ जास्त उपयोगी पडतो, असं मला वाटू लागलंय.

एक गोष्ट मात्र या जातीच्या खेळात जवळजवळ नसतेच, ती म्हणजे बैठक. पडद्यावर तुम्ही कळ सरकवता आणि निर्णय होतो. खऱ्या विद्यापीठात तुम्ही कळ सरकवता आणि उपसमिती स्थापन होते. मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि योहान ओल्सेन यांनी 1972 साली यावरच एक शोधनिबंध लिहिला, आणि त्यात फोरट्रान भाषेत लिहिलेलं संगणकी प्रारूपही होतं. म्हणजे विद्यापीठाचं सिम्युलेशन हे काही काल-परवाचं खूळ नव्हे. त्यांचं म्हणणं असं, की विद्यापीठासारख्या संस्थेत प्रश्न, उत्तरं, माणसं आणि निर्णयाचे प्रसंग हे चार प्रवाह स्वतंत्रपणे वाहत असतात आणि एका कचऱ्याच्या डब्यात अपघातानेच एकत्र येतात. उत्तर आधीच तयार असतं, ते प्रश्न शोधत हिंडतं. त्या प्रारूपात प्रश्न सोडवून निर्णय होणं ही नेहमीची रीत ठरली नाही. प्रश्नाकडे कोणाचं लक्ष जायच्या आत निर्णय होऊन जातो, किंवा प्रश्नच उठून दुसऱ्या बैठकीत जाऊन बसतो, आणि मग पहिल्या बैठकीत एकमताने ठराव पास होतो. हे वाचताना तुम्हाला मागच्या आठवड्यातली एखादी बैठक आठवली नसेल, तर तुम्ही फार सुखी विद्यापीठात आहात.

ही उणीव भरून काढायची तर पडदा बंद करून माणसांना भूमिका द्याव्या लागतात. त्याकडे येतेच, पण आधी खेळाच्या निवडीबद्दल दोन शब्द. 'व्हर्च्युअल यू' जुन्या विंडोजच्या काळातला आहे, आजच्या यंत्रावर चालेलच याचा भरवसा नाही, तेव्हा आदल्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी लावून बघा. 2022 साली आलेला 'टू पॉइंट कॅम्पस' हा करमणुकीचा गेम आहे, त्यात सरदार घडवायचा अभ्यासक्रम आहे आणि जादूटोण्याचाही. तरुण सहकारी तोच सुचवतील. तो वाईट नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत इमारती मांडून घ्यायच्या आणि वर्ष सुरू झालं की खोली कमी पडली म्हणून हात चोळत बसायचं, एवढं एक दुःख तो छान पोचवतो. पण प्राध्यापकांची वयं, वाढीचे दर, विभागा-विभागांतली ओढाताण शिकवायची तर त्याचा फारसा उपयोग नाही. पैसे असतील तर व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासाठी तयार केलेले खेळही विकत मिळतात. पण अकरा जणांसाठी मी विकत घेणार नाही.

मी काय करेन, ते सांगते. पहिल्या दिवशी सकाळी संगणकच नको. एमआयटीमध्ये फॉरेस्टर यांच्या गटाने 1960च्या सुमारास एक साधा पटावरचा खेळ तयार केला, 'बिअर गेम' नावाचा. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशा चार जागा, आणि मागणी पुढे जायला, माल मागे यायला काही आठवड्यांचा उशीर. गिऱ्हाइकाची मागणी खेळात एकदाच बदलते, आठवड्याला चार पेट्यांवरून आठवर जाते आणि तिथेच राहते. एवढ्याने आधी तुटवडा पडतो, मग सगळे घाबरून वाढीव मागण्या नोंदवतात, मग मालाचे ढीग साचतात. शेवटी सगळे गिऱ्हाइकाला शिव्या देतात, आणि गिऱ्हाइकाने त्या एका बदलापलीकडे काहीच केलेलं नसतं. दीड तासात होतो. खेळून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: आपण रिक्त पदांची मागणी नोंदवताना काय करतो? 'तीन मागितली तर एक मिळेल' म्हणून जो तो तीन मागतो, वरचा त्यातली दोन खोटी धरून कापतो, आणि पुढच्या वर्षी हा सहा मागतो. तुमच्या विभागप्रमुखांना हे सांगावं लागणार नाही, तेच तुम्हाला सांगतील.

दुपारी संगणक. अकरा जणांना अकरा यंत्रं देऊ नका. तिघांना एक, आणि एका गटात दोघे. एकटा माणूस खेळताना बोलत नाही, आणि न बोलता घेतलेला निर्णय नंतर तपासता येत नाही. दर वर्षाची कळ दाबायच्या आधी प्रत्येकाने कागदावर एक ओळ लिहायची, 'मी अमुक करतोय, त्यामुळे तमुक वर्षी तमुक होईल.' हा कागद फार महत्त्वाचा. तो नसेल तर परिणाम दिसल्यावर प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मला हे माहीतच होतं. गुणफलक भिंतीवर लावू नका. लावलात की शिकणं संपलं आणि शर्यत सुरू झाली. आणि दर तीन-चार वर्षांनी, म्हणजे खेळातल्या, हात थांबवायला लावा. जेवढा वेळ खेळ, तेवढाच वेळ बोलणं. वेळ कमी पडला तर खेळ कापा, बोलणं कापू नका. मी एकदा नेमकं उलट केलं होतं. रंगात आलेला डाव मोडवेना म्हणून शेवटची पंचेचाळीस मिनिटं खेळालाच दिली. सगळे खूश होऊन घरी गेले आणि महिन्याभराने कोणाला 'मजा आली' याखेरीज काही आठवेना.

त्याच दिवशी आणखी एक चूक झाली होती. संस्थेचे प्रमुख मागच्या रांगेत कौतुकाने बसले होते. चर्चेत कोणी तोंड उघडलं नाही. प्रमुखांसमोर 'भरती गोठवल्याने संस्था बुडाली' असं कोण म्हणेल, जेव्हा खरी भरती त्यांनीच गोठवलीय? तुमच्या कुलगुरूंना एकतर एका गटात खेळायला बसवा, इतरांइतकंच हरू द्या, नाहीतर संध्याकाळी समारोपाला बोलवा. प्रेक्षक म्हणून नकोत.

दुसऱ्या दिवसासाठी तुमचा स्वतःचा खेळ करा. त्याला प्रोग्रॅमर लागत नाही, वीस-पंचवीस ओळींचा एक्सेलचा तक्ता लागतो आणि वित्त विभागातला एक समजूतदार माणूस. तुमच्याच संस्थेचे आकडे घाला: चार वर्षांचे विद्यार्थी, पाच-पाच वर्षांच्या वयोगटात प्राध्यापक, उत्पन्नाच्या चार-पाच बाबी, खर्चाच्या सहा-सात, आणि प्रत्येकीचा वाढीचा दर. रसायनशास्त्राच्या माणसाला हे अवघड नाही, अभिक्रियेचा वेग तुम्ही आयुष्यभर शिकवलाय. मग भूमिका वाटा. कोणी वित्त अधिकारी, कोणी कुलसचिव, कोणी विद्यार्थी प्रतिनिधी, दोघे-तिघे विभागप्रमुख, पण कोणालाही स्वतःचा विभाग द्यायचा नाही. भौतिकशास्त्रवाल्याला भाषा विभाग द्या आणि त्याच्या जागा वाचवायला लावा. मधेमधे चिठ्ठ्या उचलायच्या: मोठं संशोधन अनुदान मिळालं पण तीनच वर्षांचं, वसतिगृहाचं छत गळतंय, सगळ्यात जास्त विद्यार्थी आणणारे प्राध्यापक दुसरीकडे चाललेत. निर्णय कळ दाबून नाही, बैठक घेऊन. वीस मिनिटांची बैठक, इतिवृत्त लिहायचं, मगच आकडे तक्त्यात जाणार. इतिवृत्तात काय लिहिलंय आणि बैठकीत खरं काय ठरलं होतं, हे नंतर ताडून पाहताना जी करमणूक होते ती कुठल्याही गेममध्ये नाही.

एक सावधगिरी. या तक्त्यातून निघालेला आकडा कोणीतरी दोन महिन्यांनी टिपणीत घालेल, 'कार्यशाळेतील सिम्युलेशननुसार अमुक विभाग बंद करणे हितावह.' हे होणारच, कारण आकड्याला फाइलमध्ये शिरायची फार घाई असते. तक्त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा की हे प्रशिक्षणासाठी आहे, आणि दर मुद्दाम ढोबळ धरा, म्हणजे तो कोणाला वापरावासाच वाटणार नाही.

आणि खेळाबाहेरचं थोडंसं. ज्याचं कंत्राट तुम्ही पुढे वाढवणार नाही, त्या माणसाला समोर बसवून ते सांगायचं असतं. त्याचा सराव कुठलंही यंत्र देत नाही. दुसऱ्या दिवशीच्या भूमिकांत निदान एक प्रसंग असा ठेवा. सगळे टाळतील, विनोद करतील. तरी ठेवा. माझ्या अनुभवात या प्रसंगाने झालेली शांतता अर्ध्या तासाच्या भाषणाने होत नाही.

राहता राहिले 'पत्ते कुटायचे का' म्हणणारे सर. त्यांना टाळू नका, पहिल्या दुपारी एका गटात चौथे म्हणून बसवा आणि अंदाजाचे कागद लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या. ते खेळले नाहीत तरी कोण काय म्हणालं होतं याची नोंद त्यांच्याकडे असेल, आणि अशी नोंद हाती असलेला ज्येष्ठ माणूस चर्चेत गप्प बसत नाही.

तुमचा तो चौथ्या वर्षी बुडालेला डाव पुसला नसेल ना? पुसू नका. पहिल्या दुपारी सुरुवातीला तोच पडद्यावर लावा, कोणत्या वर्षी काय केलंत ते सांगा, आणि कुठे चुकलं ते त्या अकरा जणांना शोधायला सांगा.